न्यायला आलेला माणूस

दादा इतक्या सहज "जा की, कोण अडवतंय तुला?" म्हणाला, तेव्हाच छकुलीच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. ती चुकचुकली नाही. चाळिशी ओलांडलेली, चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी ही बाई सख्ख्या भावाचा चेहरा वाचायला चुकली. परदेशी जायचं, तेही एकटीने, या आनंदात तिला दुसरं काही दिसतच नव्हतं.

घरातलं शेंडेफळ म्हणून पडलेलं हे नाव केस पांढरे व्हायला लागले तरी तिला चिकटून होतं. आणि नावाबरोबर चिकटला होता दादाचा बंदोबस्त. ती कॉलेजसाठी दुसऱ्या गावी गेली, तर स्टेशनवर दादाचा मित्र उभा. चष्म्याचं शिक्षण घ्यायला गेली, तर कोणाचे तरी काका गाडी घेऊन हजर. तिने आधीच ठरवून ठेवलेल्या खोलीचं कुलूपही उघडलं नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी शेजारच्यांचा भाचा दुकानाच्या पायरीपर्यंत आला आणि मालकाला "आमच्या छकुलीकडे जरा लक्ष ठेवा" असं सांगून गेला. मालक अजून ठेवतो. दादाच्या हिशेबी जगात परकं गाव नावाची चीजच नाही. प्रत्येक गावात कोणाचा तरी कोणीतरी असतोच, फक्त चार फोन फिरवावे लागतात.

म्हणून या खेपेला तिला एकच गोष्ट हवी होती. शहर पाहून होवो न होवो, विमानतळाच्या दारापासून हॉस्टेलच्या दारापर्यंत आपलं आपण जायचं. चुकायचं, विचारायचं, पण जायचं. त्यासाठी तिने मोठी थोरली सॅक घेतली, तिच्यात तांदळाच्या पिशव्या भरल्या आणि महिनाभर इमारतीचे जिने चढली-उतरली. शेजाऱ्यांना वाटलं, रेशनिंग सुरू झालं की काय. फोनवरच्या नकाशात बोट फिरवून फिरवून तिला रस्ता पाठ झाला होता. आधी आगगाडी, मग बस, मग लाँड्रीशेजारचा बोळ आणि बोळाच्या टोकाला हिरवं दार. आत बायकांची सामाईक खोली आणि त्यात खिडकीजवळची खालची खाट, तिच्या नावाची.

निघताना दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नेहमीचंच वाक्य म्हटलं, "पोचलीस की फोन कर बरं."

विमान सकाळी उतरलं. शिक्के झाले, सॅक मिळाली, ती तिने स्वतः खांद्यावर चढवली. पट्टे ओढले, कमरेचा पट्टा लावला. काचेचं दार आपोआप सरकलं आणि ओलसर गरम हवा तोंडावर आली. समोर ओळखीचं एकही अक्षर नसलेल्या पाट्याच पाट्या. तिला एवढं बरं वाटलं की ती एकटीच हसली.

आणि मग तिला ओळखीची अक्षरं दिसली.

कठड्यापलीकडे टक्कल पडलेला, इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ दोन्ही हातांनी पुठ्ठा डोक्यावर धरून उभा होता. पुठ्ठ्यावर लांबून वाचता येईल अशा जाड अक्षरात लिहिलं होतं: छकुली.

तिने मान खाली घातली आणि सरळ चालू लागली. मला हे वाचताच येत नाही असा चेहरा केला. पण गृहस्थ तयारीचे होते. "अहो छकुलीताई! इकडे, इकडे! फोटो आहे माझ्याकडे!" ते ओरडले. त्यांनी फोन पुढे केला. फोटोत छकुली कोणाच्या तरी लग्नात ताट हातात धरून जेवणाच्या रांगेत उभी होती.

हे दादाच्या साहेबांचे साडू. इथे गेली आठ वर्षं नोकरीला. दादाने साहेबांना सांगितलं, साहेबांनी साडूंना, आणि साडूभाऊ सुट्टी नसताना अर्धा दिवस मोडून आले होते. "तुमचं पाळण्यातलं नाव लिहिणार होतो," ते अभिमानाने म्हणाले, "पण दादा म्हणाले घरचंच लिहा, म्हणजे तिला कळेल की आपलाच माणूस आहे. हं, द्या ती बॅग. बायकांनी ओझं उचलायचं नाही."

"नको, मला सवय आहे. मी गाडीने..."

तोवर त्यांनी तिच्या पोटावरचा पट्टा जमेल तसा सोडायला घेतला होता. भर विमानतळावर परका माणूस पोटाशी खटपट करतोय म्हटल्यावर तिने घाईने स्वतःच सॅक उतरवली, आणि तीच चूक झाली. साडूभाऊंना ती उचलली काही गेली नाही. मग खाटकाने बकरं ओढावं तशी एका पट्ट्याने ओढत त्यांनी ती वाहनतळापर्यंत नेली. महिनाभर जिन्यावर घाम गाळून तयार केलेले खांदे मागून मोकळे चालले होते. छकुलीला रडूच यायचं बाकी राहिलं होतं, पण रडण्यापेक्षा राग जास्त होता म्हणून ती रडली नाही.

गाडीत त्यांनी आनंदाची बातमी दिली. "ते तुमचं हॉस्टेल मी रद्द करून टाकलंय. काळजी करू नका."

"काय केलंत?"

"दादांकडून नंबर घेऊन फोन केला. म्हटलं, मी तिचा भाऊ बोलतोय, ती येत नाहीये. लगेच ऐकलं हो त्यांनी! अनोळखी बायकांच्यात एका खोलीत झोपायचं म्हणजे काय! आमच्याकडे मुलाची खोली रिकामी आहे. आठही दिवस तिथेच राहायचं, संकोच करायचा नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस तिचा भाऊ नव्हता. तासाभरापूर्वी तो तिला ठाऊकही नव्हता. आणि एका पुरुषाने फोनवर "भाऊ" म्हटल्याबरोबर तिची खिडकीजवळची खाट नाहीशी झाली होती! तिने तिथल्या तिथे दादाला फोन लावला.

"पोचलीस का?" दादाचा आवाज कसा प्रसन्न.

"मी पोचले नाही, दादा. मला उचलून आणलंय. तू हे कोणाला विचारून केलंस?"

"अगं, विचारायचं काय त्यात? तुझ्याच भल्यासाठी ना! आणि हे बघ, साहेबांनी आपणहून शब्द टाकलाय. आता तिथे काही नाटक करून माझं नाक कापू नकोस."

साडूभाऊ शेजारीच बसलेले, सगळं ऐकत, कौतुकाने मान डोलावत. माणसासमोर माणसाला नावं ठेवायची तिला सवय नव्हती. तिने फोन बंद केला आणि काचेतून बाहेर पाहिलं. पाठ केलेली आगगाडी शेजारच्या पुलावरून डौलात पुढे निघून गेली.

नवव्या मजल्यावरचं घर. दार साडूभाऊंच्या बायकोने उघडलं. हसली, पण ते हसू पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपबशांसारखं होतं. मुलाच्या खोलीत ताजी चादर, घडीचा टॉवेल, उशीवर कोरा दात घासायचा ब्रश. साडूभाऊंनी उभ्याउभ्याच कार्यक्रम सांगून टाकला. उद्या मॉल, परवा त्यांच्या ऑफिसातल्यांकडे जेवण, मग पुन्हा एक मॉल. सगळीकडे ते स्वतः नेणार.

"इथे बाईमाणसाने एकटीने बसमध्ये बसायचं नाही," ते बूट घालत म्हणाले. "आता हिलाच विचारा. आठ वर्षांत एकटी कधी गेली नाही कुठे. तशी वेळच येऊ दिली नाही मी."

 ते ऑफिसला गेले. दार बंद झालं आणि स्वयंपाकघरात भांडं आदळल्याचा आवाज आला. मग दुसरं.

छकुली दारात जाऊन उभी राहिली. "वहिनी, मी काही मदत करू?"

"किती दिवस आहात?" वहिनींनी पाठमोरीच विचारलं.

"आठ."

"मागचे पण आठच म्हणाले होते. चौदा राहिले. त्याच्या आधीच्यांची पोरं या ओट्यावर उभी राहून नळाशी खेळायची. माझ्या बहिणीचा नवरा तिकडे खुर्चीत बसून हो म्हणतो, हे इकडे हो म्हणतात, आणि चादरी मी धुते. तुम्हाला म्हणून नाही म्हणत हं."

"मलाच म्हणताय," छकुली म्हणाली. सकाळपासून तोंडात कोंबलेला राग आता बाहेर आला. "आणि मला म्हणून उपयोग नाही, वहिनी. मला इथे यायचंच नव्हतं. माझी जागा ठरलेली होती. तुमच्या ह्यांनी ती घालवली."

"मग नाही म्हणायचं होतंत!"

"कधी? पोटावरचा पट्टा सोडत होते तेव्हा? मला कोणी विचारलं?"

"आणि मला कोणी विचारलं?" वहिनी गर्रकन वळल्या. हातात डाव, चेहरा लालबुंद. "काल रात्री सांगितलं, सकाळी पाहुणी येतेय. सांगितलं हं, विचारलं नाही. ती पाटी कोणी लिहिली माहितीये? मी! 'तुझं अक्षर चांगलं आहे' म्हणे!"

दोघी एकमेकींकडे रागाने पाहत राहिल्या. ओट्यावर काहीतरी उतू जायला लागलं, वहिनींनी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसल्या.

"म्हणजे तुम्हाला नकोय," त्या सावकाश म्हणाल्या, "मलाही नकोय. मग हे चाललंय कोणासाठी?"

 छकुलीने हॉस्टेलला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "पण तुमच्या भावाने रद्द केलं ना?"

"तो माझा भाऊ नाही. आणि असता तरी?"

मुलीने यादी पुन्हा उघडली. मग म्हणाली, खिडकीजवळची गेली, दाराजवळची वरची खाट आहे, शिडीने चढावं लागेल. चढेन, छकुली म्हणाली, मी जिने चढून आलेय.

तिने सॅक खांद्यावर घेतली. वहिनींनी मागे उभं राहून एक पट्टा सरळ केला आणि कमरेचा मात्र तिलाच लावू दिला.

"तुम्ही त्यांना काय सांगाल?"

"सांगेन, मी हाकलून दिली. बहीण वर्षभर बोलणार नाही माझ्याशी." वहिनींनी क्षणभर विचार केला. "वर्षभर पाहुणेही पाठवणार नाही. चला, बसस्टॉपपर्यंत येते."

किल्ली मुठीत, भाजीच्या पैशांचं पाकीट काखेत आणि पायात घरच्या चपला, अशाच त्या खाली उतरल्या. स्टॉप इमारतीच्या फाटकासमोरच होता. गाड्यांचा गोंगाट, उन्हाने तापलेला पत्र्याचा आडोसा. छकुलीने फोनवर नकाशा उघडला. इथून रस्ता पाठ नव्हता, नव्याने शोधायचा होता, आणि ते तिला फार आवडलं. तेवढ्यात हातातला फोन थरथरला, दादाचा होता; तिने तो थरथरू दिला.

वहिनी रस्त्याच्या पलीकडे पाहत होत्या. तिथल्या स्टॉपवर एक पिवळी बस येऊन थांबली होती. त्यांचे ओठ हलले. दुधाच्या पिशव्या आणि औषधांच्या बाटल्या वाचून वाचून त्या इथली अक्षरं शिकल्या होत्या.

"तळ्याची बस आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या ओट्याच्या खिडकीतून दिसतं ना, ते तळं. म्हणजे एक तुकडा दिसतो. आठ वर्षं तेवढाच बघतेय." मग एकदम पदर खोचून म्हणाल्या, "तुम्ही जा हं नीट. मी जाऊन येते."

"आत्ता?" छकुली दचकून म्हणाली. "अहो, एकट्याच? या चपलांत? परत यायची बस माहितीये का? अनोळखी रस्ता, वहिनी, उगाच कुठे चुकलात म्हणजे! निदान तिथे पोचलात की मला फोन करा बरं."

वहिनी थांबल्या. त्यांनी मागे वळून छकुलीकडे पाहिलं. सकाळपासून स्वयंपाकघरात भांड्यांवर निघत होता तो सगळा राग त्यांच्या डोळ्यांत होता.

"का?" त्या म्हणाल्या. "मी काय छकुली आहे?"

आणि हात वर करून गाड्या थांबवत त्या रस्ता ओलांडून गेल्या. छकुलीचे कान तापले. ओठांवर आलेली हाक तिने दात आवळून आत ठेवली, आणि पिवळी बस वळणाआड जाईपर्यंत ती तशीच गप्प उभी राहिली.