त्सुबोयातला जामीन

माझी एकुलती एक मुलगी ईशानी ओकिनावाला शिकायला गेली, तेव्हा दुबईत आमच्या ऊद मेथा भागातला प्रत्येक जण विचारायचा, "जपानला? कशाला?" मी चिडून सांगायचो, "मडकी करायला!" आणि ते खरंच होतं. नाहा शहरात त्सुबोया नावाची कुंभारांची वस्ती आहे, तिथे एका म्हाताऱ्या कुंभाराच्या माडीवर ती राहायची. फोनवर सगळं वर्णन करायची. छपरांवर बसलेले मातीचे सिंह, पलीकडचा मासळीबाजार, नुकतीच सुरू झालेली मोनोरेल, टेकडीवरचा लाल राजवाडा. "दिवाळीत या बाबा, आय विल शो यू एव्हरीथिंग." तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच. मी लगेच व्हिसा काढून घेतला.

मग मुश्ताकचा अपघात झाला. हा आमच्या अल क्वोजच्या गोदामाचा ड्रायव्हर. त्याच्या पिकअपखाली एक माणूस आला. वाचला, पण केस झाली. पोलीस म्हणाले, कुणाचा तरी पासपोर्ट जामीन ठेवा, मग सोडतो. गोदामात सगळ्यांना अचानक कामं आठवली. मला गप्प बसवत नाही, ही माझी जुनी खोड. "घ्या माझा," म्हणालो.

महिन्याभराने, एका बुधवारी दुपारी ईशानीचा फोन आला. पोटात गाठ सापडली होती, शुक्रवारी ऑपरेशन. त्या रात्रीचं विमान मिळालं तरच मी पोचणार होतो.

मुश्ताक स्वतःच म्हणाला, "साहब, मुझे वापस अंदर डाल दो, आप बेटी के पास जाओ." आम्ही धावत पोलीस स्टेशनात गेलो. अधिकाऱ्याने चहा दिला, रजिस्टर चाळलं. फाइल कोर्टात गेली होती, सोबत पासपोर्टही. कोर्ट बंद झालेलं. तेव्हा दुबईत गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची.

"सॅटरडे, इन्शाल्ला," तो म्हणाला.

मी ओरडलो, मग हात जोडले.

"हबीबी, मेरे हाथ में नहीं." तो खरंच बोलत होता. भांडायलासुद्धा कोणी उरलं नाही, याचाच मला जास्त संताप आला.

गुरुवारी पुन्हा फोन. "बाबा, वेअर आर यू?"

मी सांगितलं.

"इट्स ओके, बाबा. हॉस्पिटलला जामीन हवा होता. ओन्ली फॅमिली, म्हणाले. सो खालचे कुंभार आजोबा आले. आय टोल्ड देम ही इज माय फादर. नर्स हसली, पण आजोबांनी सहीच्या जागी आपला शिक्का मारला."

"बरं केलंस," मी म्हणालो.