रेघेबाहेरचं झाड

वनखात्याच्या साहेबांनी जंगलाच्या फाटकातल्या झाडावर चुन्याची फुली मारली आणि अख्खं गाव खोटं बोलायला गोळा झालं.

जंगल बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांसाठी रस्ता रुंद करायचा होता. झाड ऐतिहासिक निघालं, तरच वाचणार होतं. मग काय, न्हाव्याच्या पणजोबांनी त्याखाली कुणा राजाची दाढी केली होती. दुधवाल्यानं तर झाड थेट हजार वर्षांचं करून टाकलं.

"आता तुम्ही बोला, भावजी," म्हातारबांच्या थोरल्या वहिनी त्यांच्या कानाशी लागल्या. "तुमच्या शब्दाला वजन आहे."

म्हातारबा म्हणजे आमचे निवृत्त वनरक्षक. नोकरी संपली तरी रोज सकाळी त्या झाडाला हात लावल्याशिवाय चहा घेत नसत. ते साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, झाड बावन्न वर्षांचं आहे. मीच लावलं."

"घ्या! मारली कुऱ्हाड पायावर!" वहिनींनी कपाळाला हात लावला.

"इथं? जाळरेषेत?" साहेब चकित झाले. वणवा अडावा म्हणून तो पट्टा मोकळा ठेवतात, तिथं झुडूपसुद्धा वाढू देत नाहीत.

"चुकलंच. नोकरीचा पहिला महिना होता. तेव्हा जंगल कुठलं, सगळं तोडून नेलेलं, नुसते बुंधे उरलेले. रोपं लावताना माझी रेघ चुकली. वरिष्ठ म्हणाले, उपट. मी हो म्हणालो आणि वर काटेरी फांद्या टाकून लपवलं. आयुष्यातलं तेवढंच खोटं."

"आणि वणवा?"

"दोनदा आला. दोन्ही वेळा आधी याच्याभोवतीचं गवत काढलं, मग साहेबांच्या बंगल्याभोवतीचं."

गाव खो खो हसलं. साहेबांनी मात्र वही काढली. "आजोबा, हजार वर्षांची झाडं मला गावोगाव दाखवतात. लावणारा माणूस आजवर एकानंही दाखवला नाही. हे जंगल पुन्हा कसं उभं राहिलं, त्याची आमच्या दप्तरात एक ओळ नाही. रस्ता वळवू आपण."

म्हातारबा मटकन खाली बसले आणि सगळ्यांदेखत रडले.

"म्हणजे माझी चूक माफ, साहेब?"

"मुळीच नाही. रोज दहा वाजता इथं यायचं आणि पाहुण्यांसमोर कबूल करायची."

"किती दिवस?"

"झाड आहे तोवर."

वहिनींनी पुढं होऊन त्यांच्या खिशातलं बंडल काढून घेतलं. "ऐकलंत ना, भावजी? आजपासून विडी बंद."