येसाजीला खाली घेतलं तेव्हा

मित्रांनो, कळंब गावातल्या एका गोठ्याच्या मागच्या भिंतीला एक जुनी, धुळीने माखलेली बाज उभी टेकवून ठेवली आहे. ती मी. माझ्या पोटाला मधोमध भोक आहे. गल्लीतली पोरं त्या भोकातून डोकं बाहेर काढतात आणि एकमेकांना वेडावून दाखवतात. दाखवू देत. ते भोक उंदराने कुरतडलेलं नाही की म्हातारपणाने पडलेलं नाही. एका बाईने ते मुद्दाम पाडलं, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायचं नाही.

माझं लाकूड ऐनाचं. डोंगराखालच्या रानात मी वाढले. सुताराने मला तासून चार खुरांवर बसवलं खरं, पण ती नुसती चौकट होती. मला बाज केली ती येसाजीने. येसाजी इथला साधा भातशेतीवाला, पण हात मोठा गुणाचा. पनवेलच्या बाजारातून त्याने काथ्याची दोरी आणली आणि ओटीवर बसून मला विणलं. दोरी ओढताना तो दातओठ खायचा. एखादा पीळ सैल राहिला तर तेवढ्यासाठी विणलेलं सगळं उसवायचा. त्याची बायको आतून म्हणायची, एवढी काळजी माझी घेतली असती तर मी राणी झाले असते. मला तेव्हा भारी गंमत वाटायची.

पुढची बरीच वर्षं मी ओटीवर थाटात काढली. पाहुणा आला की आधी माझ्यावर टेकायचा आणि हाताने दोरी दाबून म्हणायचा, वा, काय विणलीय. सोयरिकी माझ्यावर बसून ठरल्या, भांडणं माझ्यावर बसून मिटली. स्तुतीने कोण फुगत नाही? मीही फुगले. येसाजीचा मुलगा मालोजी, त्याची सोयरीकही इथेच ठरली आणि इंदूबाई सून होऊन घरात आली.

आता इंदूबाईची आणि येसाजीची रीत ऐका. सुनेने सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्या अंथरुणाला पाय लावायचा नाही आणि समोरासमोर बोलायचं तर नाहीच. इंदूबाईला मुलगी झाली, मैना. ती बोलू लागल्यावर दोघांची मोठी सोय झाली. सासरा ओटीवर, सून दाराआड, मध्ये हाताच्या अंतरावर मैना. "मैने, आज्याला सांग, भाकर वाढलीय." "मैने, आईला म्हणावं, आलो." दोघांनाही सगळं ऐकू यायचं, तरी मैनेने सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही.

येसाजीची बायको गेली आणि मागोमाग लढाईचे दिवस आले. दुकानात रॉकेल मिळेना, साखर दिसेना. मालोजी खोपोलीला कामाला लागला आणि आठवड्याने घरी येऊ लागला. अशात एका सकाळी भात झोडता झोडता येसाजी खळ्यावर कोसळला. त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा बसली. चार माणसांनी उचलून त्याला माझ्यावर आणून ठेवलं आणि मला ओटीवरून माजघरात नेलं. कर्जतहून डॉक्टर आले, नाडी पाहिली, म्हणाले, आता औषध थोडं, सेवा फार.

सेवा करा म्हणणं सोपं असतं, मित्रांनो. करायची कुणी? मुलगा खोपोलीला, नात एवढीशी. राहिली ती सून, जिने सासऱ्याचा चेहरा कधी नीट पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी त्याचं धोतर ओलं झालं तेव्हा इंदूबाई दाराच्या चौकटीला धरून बराच वेळ उभी राहिली. मग तिने पदर खोचला आणि आत आली. येसाजीने डोळे घट्ट मिटून घेतले. त्याच्याजवळ तेवढीच लाज झाकायची सोय उरली होती. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी माझ्या दोरीवर गळलं.

तेव्हापासून तोच परिपाठ. ती पुसायला आली की तो डोळे मिटायचा, आणि तो डोळे मिटी म्हणून तिला हात लावता येई. शब्द एकही नव्हता. मैनेलाही त्या वेळी बाहेर धाडलेलं असे.

पण ओल्यात पडून त्याची पाठ लाल झाली, मग माकडहाडापाशी कातडं गेलं. एके दिवशी इंदूबाई विळी घेऊन आली, त्याला कुशीवर सरकवलं आणि माझ्या मधल्या दोऱ्या सरळ कापल्या. कापलेली टोकं उकलू नयेत म्हणून सुतळीने आवळली आणि ओल थेट खाली पडावी म्हणून राखेचं फुटकं घमेलं सरकवलं. खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं. सगळ्या गावाने वाखाणलेलं माझं अंग, त्याला ही गत! येसाजीने मात्र विळीचा आवाज ऐकून डोळे उघडले होते. आपलंच विणकाम कापलं जाताना त्याने पाहिलं, आणि थोड्या वेळाने इतका सुटल्यासारखा श्वास घेतला की माझा राग तिथेच विरला.

भाताच्या कोंड्याची एक गोल उशी शिवून तिने त्याच्या कमरेखाली दिली. जुनं लुगडं दुमडून अंगाखाली घातलं, त्याचं टोक ओढलं की तो कुशीवर वळे. पेज भरवताना ती आधी त्याला पाठीशी वळकटी देऊन बसवी, मान पुढे घेई आणि चमच्याचं टोक डाव्या गालाला लावी, कारण उजव्या बाजूने गिळता येत नव्हतं. एक घोट उतरल्याशिवाय दुसरा नाही. जखमेवर खपली धरू लागली. पौष लागेपर्यंत त्याचा डावा हात चांगला हलू लागला. मैनेची वेणी तो त्या हाताने हळूच ओढायचा आणि ती खोटंखोटं ओरडायची.

आणि अशात तो रविवार आला. मालोजी घरी होता, अंगणात लाकडं फोडत होता. इंदूबाई पाण्याला गेली होती. येसाजीच्या भावकीतला आबाजी भेटायला आला. दोघे एकत्र वाढलेले. त्याने मायेने घरून दुधाचा चहा आणला होता, त्या टंचाईतही साखर घातलेला. त्याला काय ठाऊक, बसवायचं असतं ते? येसाजी आडवाच होता, तशातच आबाजीने त्याच्या तोंडात कपबशी रिकामी केली. चहा छातीत गेला. येसाजीचे डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले, श्वास अडकला.

आबाजीचा स्वतःचा भाऊ बाजेवर गेला होता. बाजेवर मरण आलं की जीव अधांतरी राहतो, ही समजूत त्याच्या मनात काट्यासारखी रुतलेली. त्याने हाक मारली, "मालोजी, धाव रं! खाली घे त्याला, खाली घे!" शेजारी धावले. कुणी जमिनीवर शेणाचा हात फिरवला, कुणी तुळशीचं पान आणलं. मालोजीने बापाला उचलून त्या ओल्या सारवणावर ठेवलं. आणि मला बाहेर नेऊन दारासमोरच्या कुंपणाला उभं केलं. अंगणात बाज उभी दिसली की गाव काय ते समजतं. इंदूबाई डोक्यावर हंडा घेऊन वळणावर आली, तिने मला पाहिलं आणि तिचा हंडा तिथेच पडला.

पण येसाजी मेला नव्हता. खाली ठेवताना तो कुशीवर कलंडला, ठसका लागला, चहा बाहेर आला आणि श्वास परत सुरू झाला. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडून आढ्याकडे पाहिलं.

माणसं आनंदली असतील असं तुम्हाला वाटेल. ती गोंधळली. इंदूबाईने दाराआडून नवऱ्याला सांगितलं, त्यांना वर घ्या. आबाजीने मान हलवली.

"खाली घेतलेला मानूस परत वर घ्यायचा नसतो, मालोजी. घरातलं दुसरं जातं."

मालोजीने मैनेकडे पाहिलं. ती ओटीवर चिंचोके खेळत होती. तिच्या आधीचं एक मूल त्यांनी पुरलं होतं. त्याने बापाला तिथेच राहू दिलं.

मग सगळे येसाजीच्या मरणाची वाट बघत बसले आणि येसाजी जगत राहिला. ओटीवर विड्या ओढल्या गेल्या, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. दारातून मला आतलं दिसत होतं. पौषातली थंडी, खाली गार जमीन. कोंड्याची उशी ओल धरून दगडासारखी झाली. वाकून वाकून इंदूबाईची कंबर मोडली. खपली निघाली आणि जखम परत उघडली. दुसऱ्या दिवशी येसाजीच्या छातीत घरघर सुरू झाली. मी रिकामी, कोरडी, चार पावलांवर उभी होते आणि माझा काही उपयोग नव्हता. एवढं दुःख मला दोऱ्या कापल्या तेव्हाही झालं नव्हतं.

इंदूबाई मागच्या दारी नवऱ्यापाशी रडली. मालोजी म्हणाला, मैनेला काही झालं तर तू मला क्षमा करशील का? ती मैनेची आई होती. भीती तिलाही तेवढीच होती.

तिसऱ्या सकाळी आबाजी आणि भावकीतली माणसं आत बसलेली असताना इंदूबाई दाराआडून बाहेर आली. पदर कपाळापर्यंत ओढला, पण चालत थेट येसाजीपाशी गेली आणि त्याच्या तोंडासमोर बसली. आबाजी खाकरला. तिने लक्ष दिलं नाही. येसाजीने सवयीने डोळे मिटले.

"मामंजी, डोळं उघडा," ती म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून तिने त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द. "तुमची येळ झाली हाय का? का वर घेऊ तुमाला?"

येसाजीने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. मग त्याने डावा हात जमिनीवरून उचलला, पंजा हलवून नाही म्हणाला, आणि बोट दाराकडे केलं. दाराबाहेर मी होते.

मालोजी उठला. कुणाकडे न बघता बाहेर आला आणि मला डोक्यावर घेऊन आत गेला. बापाला उचलताना त्याचा हात पाठीला लागला आणि ओला झाला. ती जखम त्याने पहिल्यांदाच पाहिली. तो माझा दांडा धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

त्यानंतर तो खोपोलीला गेला नाही. लुगड्याचं टोक कसं ओढायचं, पेज कशी भरवायची, इंदूबाई सांगे आणि तो करी. मैना शिंकली तरी नवराबायको दचकून एकमेकांकडे बघत. मैनेला काही झालं नाही. पण जमिनीची थंडी येसाजीच्या छातीत शिरली ती निघाली नाही. तो रोज थोडा थोडा हलका होत गेला. वजन माझ्यावर होतं, म्हणून मला सगळ्यांत आधी कळलं.

एका दुपारी इंदूबाईने चमचा गालाला लावला तर त्याने ओठ मिटून घेतले. त्याचा डावा हात माझ्या दांड्यावरून खाली लोंबला, आणि बोटांनी त्याने जमिनीवर टकटक केलं.

"खाली?" तिने विचारलं.

त्याने डोळे मिटून उघडले.

आठवड्यापूर्वी ज्याला वर घेण्यासाठी ती सगळ्या भावकीसमोर बोलली होती, त्याला खाली घ्यायचं होतं. पण तिने पुन्हा विचारलं नाही. मालोजीला हाक मारली. कोरडी घोंगडी अंथरली, दोघांनी मिळून त्याला उतरवलं. त्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं. सासऱ्याचं डोकं मांडीवर घेऊ नये, हे तिला त्या क्षणी आठवलंही नसेल. या खेपेला येसाजीने डोळे मिटले नाहीत. तिच्याकडे बघत बघतच तो गेला.

आबाजी धावत आला तेव्हा सगळं संपलं होतं. खाली कुणी घेतलं, त्याने विचारलं.

"त्यानंच सांगितलं," मालोजी म्हणाला.

आबाजी उंबऱ्यावरच बसला. म्हणाला, "माझ्या भावाला आमी कुनी इचारलंच नाय रं."

मित्रांनो, माझी दोरी आता कुजली, खुरांना वाळवी लागली. या पावसाळ्यात मी चुलीत जाईन, त्याचं मला वाईट वाटत नाही. तुमच्या घरीही कुणी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल. त्याला न्हाऊ घालाल, भरवाल, कूस वळवाल, कराल ते थोडंच आहे. पण त्याची वाचा गेली म्हणून त्याचं मन गेलं असं समजू नका. त्याच्या उशाशी बसून त्याच्याविषयी आपापसात ठरवू नका. त्याच्यासमोर बसा, डोळ्यांत बघा आणि त्यालाच विचारा. येसाजीला पहिल्यांदा खाली घेतलं तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, आणि विचारणारं एकही नव्हतं.