तेलाचा गाल

"बाय, ही तुझी ट्यूब परत घे. डोल्यांतून पानी काढलं हिनं."

अर्नाळ्याच्या पॉलिनमावशींनी सनस्क्रीनची ट्यूब काउंटरवर ठेवली. गालांवर पांढरे ओघळ वाळले होते. आगाशीच्या बाजारात, आमच्या मेडिकलमधला क्रीम-पावडरचा काउंटर मी अकरा वर्षं सांभाळत होते. असा चेहरा पाहिला नव्हता.

"हिलरी बोलतो, पापलेटाला पीठ लावलंय, आता तवा तापव," त्या म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

नवऱ्याची थट्टा त्यांना नवी नव्हती. पण मावशी दिवसभर उन्हात, किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील सुकवत. वांगाचे डाग गालांवरून कपाळापर्यंत गेले होते आणि डॉक्टरांनी ऊन वर्ज्य केलं होतं.

"यानं पन नाय जमलं, तर रविवारी चर्चातल्या मिस्सानंतर दोऱ्या जावेला देऊन टाकीन. तीस वर्सं उभी हाय तिथं."

बोळिंजच्या क्षितिजा नावाच्या मुलीला मी हेच जेल दिलं होतं. तिची त्वचा तेलकट, पुटकुळ्यांची, तिला मानवलं. मावशींचा चेहरा तसाच चकाकणारा, म्हणून त्यांनाही तेच दिलं.

"तोंड पुसू का?" मी रुमाल काढला.

त्या मागे सरल्या. "नको गो. सोमवार तुझा. माझ्या अंगाला मासलीचा वास."

"उपास पोटाचा आहे, हाताचा नाही."

"माझा पन चाललाय, ईस्टरपावेतो," त्या पुटपुटल्या आणि गाल पुढे केला.

रुमालाला खोबरेल लागलं.

"हे रोज लावता?"

"सगल्याच बाया लावतात. खाऱ्या वाऱ्यानं कातडी फाटते नाय तर. सासूनं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बाटली हातात दिलेली."

तेलाखालची त्वचा कोरडी होती, बारीक चिरा पडलेली. जेल तेलावर टिकलं नव्हतं. घामाबरोबर डोळ्यांत उतरलं होतं.

"चूक माझी, मावशी. चमक बघितली, विचारलं नाही." मी कोरड्या त्वचेचं दाट क्रीम काढलं. "हे दोन बोटं भरून लावायचं. दुपारी घाम टिपून पुन्हा. आणि तेल बंद."

"तेल सोडू? उद्या बोलशील मिस्सा सोड."

"मग अर्धंच सोडा. डाव्या गालाला तुमचं तेल, उजव्याला हे. रविवारी तुम्हीच ठरवा."

"डाग जातील?"

खोटं बोलवेना. "जायला महिने लागतील. वाढायचे थांबले तरी पुष्कळ."

त्या आठवड्यात रोज सकाळी पोथीचा अध्याय झाला की मी एका उजव्या गालासाठी हात जोडत होते. देवाला काय वाटलं असेल कोण जाणे.

रविवारी राहवेना. बसने अर्नाळ्याला गेले. मिस्सा सुटून तास झाला होता आणि मावशी आपल्या दोरीपाशीच होत्या. डावा गाल तापून लाल झाला होता. उजवा शांत होता.

"जावेला दोऱ्या दिल्या नाहीत?"

"तिला दोऱ्या नको, ट्यूब हवी. बघ तिला."

जाऊ पलीकडच्या दोरीशी होती, तिच्यापुढे आणखी तिघी. प्रत्येकीचा एक गाल तेलाने चकाकत होता, दुसऱ्यावर मावशींच्या ट्यूबमधलं क्रीम. कोणी डावा निवडला होता, कोणी उजवा. उन्हाकडे तोंड करून सगळ्या बोंबील उलटत होत्या.