अंधार सांभाळणारी पेटी

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतली एक जुनी लाकडी पेटी आहे आणि माझ्या पोटात अंधाराखेरीज काही नाही. अंधार सांभाळणं हेच माझं काम. सुताराने माझा एकेक सांधा बुजवला, आतून काळा रंग दिला आणि झाकण ठोकून पाहत म्हणाला, "आता सूर्याच्या बापालाही आत शिरता यायचं नाही!"

एके काळी माझा रुबाब होता. विज्ञानाच्या बाई माझ्यात रोपं ठेवत. झाकण निघालं की मुलं एकमेकांच्या खांद्यांवरून आत डोकावत. पुढे हेच सगळं पडद्यावर दिसू लागलं आणि माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. वर छत, बाजूला फुटक्या काचनळ्यांचं खोकं. हलायला जागा नाही, हाक मारायला तोंड नाही. खाली पावलं वाजायची आणि निघून जायची.

एक दिवस नववीतल्या एका मुलीने मला खाली उतरवलं. तिला विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग करायचा होता. तिचे बाबा शिंपी, काम घरातच. त्यांच्या शिलाई मशीनशेजारी, खिडकीत, तिने मला ठेवलं. ती सारखी प्रश्न विचारायची, म्हणून ते तिला 'चिकित्सकबाई' म्हणत.

अंधारातलं रोप उजेडातल्यापेक्षा उंच वाढेल, असा तिचा अंदाज होता. तिने दोन सारख्या कुंड्या घेतल्या. तीच माती, तेच चवळीचं बी, पाणीही मापून सारखं. एक कुंडी उघड्यावर, दुसरी माझ्या पोटात. तिला पाणी घालायचं ते रात्री, दिवा मालवून.

"बाबा, फरक फक्त उजेडाचा हवा हं. नाहीतर कशामुळे काय झालं, ते कळायचंच नाही."

"बरं, चिकित्सकबाई," बाबा सुईत दोरा ओवत म्हणाले.

पण ती शाळेत गेली की मशीन थांबायचं. "गुदमरत असेल बिचारं ते," असं पुटपुटत बाबा माझं झाकण काढायचे. भसकन ऊन आत यायचं. ती परतायच्या आत झाकण पुन्हा जागेवर! रोज माझा अंधार लुटला जात होता आणि मला चकार शब्द काढता येत नव्हता. खरं काय ते पोटात ठेवून बंद पडून राहणं फार वाईट, मित्रांनो.

प्रदर्शन तोंडावर आलं. मुलीने झाकण काढलं आणि तिचा चेहरा उतरला. माझ्यातलं रोप दुसऱ्यापेक्षा जरा बुटकंच होतं.

शेजारची मैत्रीण म्हणाली, "रडतेस काय? कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या बदल की! उंच असेल ते पेटीतलं म्हण. परीक्षक काय पेटीत बसले होते?"

मुलीचा हात चिठ्ठीपर्यंत गेला. माझा जीव टांगणीला लागला. तिला थांबवू तरी कशी? पण हात तिथेच थबकला.

"अगं, हे हिरवंगार कसं? अंधारात पानं पिवळट पडायला हवीत!"

"जाऊ दे ना..."

"जाऊ कसं दे? उजेड आत आलाय कुठून तरी."

तिने कुंडी बाहेर काढली, मला डोक्यावर पालथं घातलं, गळ्याभोवती चादर गुंडाळली आणि भर उन्हात उभी राहिली. एकही फट दिसेना. बाबा दारातून म्हणाले, "हे कसलं भूत?" मग तिने कुंडी परत आत ठेवून झाकणावर कागदाची पट्टी चिकटवली. दुसऱ्या दिवशी पट्टी फाटलेली होती.

"बाबा?"

"त्याचा जीव घाबरा होत असेल, म्हणून..." बाबा मान खाली घालून बसले. मुलगी रडली, चिडली, जेवलीही नाही. पुन्हा रोप वाढवायला वेळच उरला नव्हता.

प्रदर्शनात तिने दोन्ही कुंड्या, फाटकी पट्टी आणि मी, असं सगळं मांडलं.

परीक्षक म्हणाले, "म्हणजे प्रयोग फसला तुमचा."

"हो सर. कसा फसला ते सांगू? कुणीतरी रोज झाकण उघडत होतं."

इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एका माणसाने मागून हात वर केला. "तो कुणीतरी मी."

सगळे हसले. मुलगीही हसली. बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं.

आता मी पुन्हा त्याच खिडकीत आहे. पोटात नवं रोप आहे, फिकट, सडपातळ. ते वर वर सरकत आता माझ्या झाकणाला टेकलंय. दुपारी मशीन थांबतं. बाबांचा हात झाकणावर येतो, क्षणभर राहतो आणि उघडल्याविना मागे जातो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू कपाटावर टाकू नका. आमच्याकडून काम घ्या. आणि प्रयोगात झाकण उघडलं गेलंच, तर तसं सांगा. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.