एकशे एकतिसावा प्रश्न

माणूस कागदावर मावत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. हरिश्चंद्र परब गुरुजी हे सत्य चौतीस वर्षं शाळेत सांगत आले, आणि त्याच चौतीस वर्षांत त्यांनी गावातली माणसं, म्हशी आणि संडास सरकारी तक्त्यांत काठोकाठ बसवून वर पाठवले. म्हशींची कधी तक्रार आली नाही.

निवृत्तीनंतर गुरुजी आचऱ्याजवळच्या ‘सांजसोबत’ वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक झाले. बावीस म्हातारी माणसं त्यांना नुसत्या चालीवरून ओळखता येत. “सेवा हाच आमचा श्वास,” असं ते पाहुण्यांना सांगत. अलीकडे या वाक्यात दोनदा शीळ वाजे. खाऱ्या वाऱ्याने होतं असं कधीकधी, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

अशात ट्रस्टने दिव्या नावाची नर्स पाठवली, हातात टॅब देऊन. टॅबमध्ये एकच फॉर्म. अठरा भाग, दोनशे बारा प्रश्न, सगळ्यांना तेच आणि त्याच क्रमाने. एकही उत्तर रिकामं सोडलं की पुढचं पान उघडायचं नाही.

“तू लिहीत जा, मी सांगतो,” गुरुजी खुर्चीत रेलून म्हणाले. “चंद्रावती कोयंडे. खात नाही, असंबद्ध बोलते, अंगावर येते. हो पुढे.”

“गुरुजी, बघून भरायचं असतं.”

“चार महिने बघतोच आहे की मी!”

ते खरंच होतं. चंद्रावतीने चाळीस वर्षं मालवणच्या बाजारात मासळी विकली होती. तिने सुरमईचा भाव सांगितला की होडीवर ऐकू जायचा, म्हणत. पण चतुर्थीनंतर तिने ताट सरकवायला सुरुवात केली. पेज तेवढी प्यायची. बोलायला गेली की तोंडातून नुसता गुळगुळ आवाज यायचा आणि मग ती चिडायची. दसऱ्याला तर तिने नाश्ता करताना शेजारच्या धोंडू घाडीच्या तोंडात सरळ हात घातला. गुरुजींनी वहीत ‘हिंसक वर्तन’ अशी नोंद केली. डॉक्टरांनी ती वही वाचून स्मृतिभ्रंश लिहिला. पुतण्याने सही केली. येत्या शुक्रवारी गाडी येऊन तिला घाटावरच्या बंद वॉर्डात नेणार होती. तिथून परत आलेलं कोणी गुरुजींना माहीत नव्हतं. हा बुधवार होता.

“दोन दिवसांसाठी दोनशे बारा प्रश्न,” गुरुजी म्हणाले. “बरं, बघू दे तरी.”

दिव्या व्हरांड्यात चंद्रावतीसमोर बसली. “आजी, मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा. घड्याळ, निळा, पलंग.” चंद्रावतीने काहीतरी गुळगुळ केलं. दिव्याने ‘शब्द स्पष्ट नाहीत’ असं भरलं आणि पुढे गेली. नजर, कान, पायांची सूज, झोप. गुरुजी जांभई देत होते. एकशे एकतिसावा प्रश्न आला. कवळी आहे का? असल्यास काढून हिरड्या पाहाव्यात.

“कवळीच आहे. पुढे घे,” गुरुजी म्हणाले.

“काढून पाहाव्यात असं लिहिलंय.”

दिव्याने घट्ट रुतून बसलेली कवळी हलवत हलवत काढली. आत हिरडीवर दोन्ही बाजूंना लालभडक जखमा होत्या. गुरुजी खुर्चीतून उठले.

चंद्रावतीने जीभ एकदा तोंडभर फिरवली. मग बोळक्याने, सावकाश, पण सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, “हे दात माजे न्हय. चार महिने सांगतंय. माजे त्या धोंडूच्या तोंडात आसत.”

व्हरांड्याच्या टोकाला धोंडूने तोंड गच्च मिटलं.

“बाबली!” गुरुजी ओरडले.

बाबली म्हणजे आश्रमाचा एकमेव सेवक. तो मान खाली घालून आला. “गुरुजीनू, चतुर्थीच्या आधी तुमीच सांगितलात मां? घरातला जा जा निघता ता ता भायर काढ आनि घासून ठेव. समया काढलंय, पाट काढलंय, टोप काढलंय.” तो थांबला. “कवळ्येव निघतत.”

ते खरं होतं. चतुर्थीला घर लख्ख करायचं, आणि सुरुवात स्वतःपासून करायची, ही गुरुजींची शाळेपासूनची शिस्त. सगळ्या कवळ्या एका परातीत मिठाच्या पाण्यात पडल्या आणि बाबलीने त्या नंतर तोंडं बघून वाटल्या.

“धोंडू, दे ते दात,” गुरुजी म्हणाले.

“नाय देवचंय,” धोंडू बोटांनी खेकड्याची नांगी करून मिटल्या तोंडाने म्हणाला. “कुर्लेचो डेंगो फुटता ह्येनी. माज्या जुन्या दातांनी भातव चावना नाय.”

“चोर मेलो!” चंद्रावती म्हणाली. “कणकवलीत जावन करून घेतलेले दात ते, आठ फेरे मारून!”

अखेर दात आले, बाबलीने ते खळखळून धुतले आणि चंद्रावतीने ते बसवले. दुखऱ्या हिरडीवर बसताना तिने डोळे मिटून घेतले. मग उघडले, आणि दिव्याकडे बघून म्हणाली, “घड्याळ, निळा, पलंग. आनि तुज्या पिशयेचो बंद तुटलोसा, शिवून घे.”

दिव्या भरायचं विसरून बसली होती.

मग चंद्रावती बोलतच राहिली. बाबली कोणत्या दिवशी गोळ्या द्यायला विसरला, कोणाची मुलगी दिवाळीला येते म्हणाली आणि आली नाही, पुतण्याने सही करताना घड्याळात कितीदा बघितलं. चार महिने ती नुसती बसून नव्हती, ती बघत होती. गुरुजींच्या अंगावर काटा उभा राहिला. इतकं मोठं शाबूत माणूस आपल्या डोळ्यांसमोर बुडत होतं, आपण त्याला वहीत हिंसक लिहिलं, आणि ज्याला त्याचा चेहराही ओळखता येत नव्हता अशा टॅबने ते एका ओळीत वर काढलं. त्यांनी टॅबकडे पाहिलं. देव्हाऱ्यासमोर उभं राहावं तसे ते दोन्ही हात जोडून उभे होते, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

त्यांनी लगेच वॉर्डला फोन लावून शुक्रवारची गाडी रद्द केली.

“आता सगळ्यांचे भर,” ते दिव्याला म्हणाले. “एकही प्रश्न सोडू नकोस. शास्त्र आहे हे, शास्त्र!” दोन्ही शिळा स्वच्छ वाजल्या.

संध्याकाळपर्यंत बावीस तोंडं उघडून झाली. बाकीच्या सगळ्या कवळ्या ज्याच्या त्याला नीट बसत होत्या. धोंडू तेवढा बोळका राहिला. चंद्रावतीच्या तोंडातून काढलेली कवळी त्याला बसेना, आणि ती आणखी कोणाचीही नव्हती. दिव्याने ती कपात पाण्यात घालून टेबलावर ठेवली. बावीसही फॉर्म पूर्ण भरून टॅबवर हिरवे झाले होते. व्यवस्थापकांसाठी फॉर्म नव्हता.

चंद्रावतीने कपाकडे बघितलं, मग गुरुजींकडे.

“गुरुजीनू,” ती म्हणाली, “जरा आ करा बघू.”

कपातली कवळी गुरुजींना बरोबर बसली.