गुरुवारची वही

दिगंबरचा डावा गाल बधिर होऊन चार दिवस झाले होते. कोरोनातून उठला, आणि आठवड्यातच नाकातून काळपट पाणी गळू लागलं. आता तो लातूरच्या एका दवाखान्यात, कान-नाक-घशाच्या वॉर्डात पडून होता. त्याची बायको कुमुद निळी वही घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर उभी होती.

“बुरशी डोळ्यापर्यंत गेलीय. टाळूचा भाग आणि डावा डोळा काढावा लागेल, नाहीतर मेंदूत शिरेल. सही तुमची लागेल. पण मावशी, शुगर इतकी वाढू कशी दिली?”

“वाढली कुठं?” कुमुदने वही पुढे केली. “दर गुरुवारी संध्याकाळी घरच्या मशीनवर बघतात. एकशे दहा, एकशे आठ. आमच्या डॉक्टरांनी ही वही बघूनच कोरोनात स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या.”

“रक्ताच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी कळते, मावशी. ती फार वाईट आहे.”

कुमुद बाहेर बाकावर बसली. दर गुरुवारी दिगंबर आधी स्वतःचं बोट टोचायचा, मग तिचं. “एकट्याला भीती वाटते गं, तुझीपण बघू,” म्हणायचा. आकडे तोच वाचायचा, तोच लिहायचा. तिला त्यात माया दिसायची.

तिने चष्मा लावून पानं चाळली. महाशिवरात्रही गुरुवारीच आली होती. तिचा कडक उपास होता, संध्याकाळी घेरी आली. मशीन बघून तो ओरडला होता, “बासष्ट! आधी गूळ खा.” तो स्वतः दुपारी साबुदाण्याची खिचडी दोनदा घेऊन बसला होता.

वहीत, त्याच्या नावाखाली, त्या तारखेला बासष्ट होते.

ती खाटेपाशी गेली. “महाशिवरात्रीची बासष्ट कुणाची?”

“खरे आकडे दाखवले असते तर इन्सुलिन चालू केलं असतं त्यांनी,” तो गेंगाण्या आवाजात म्हणाला. “रोज सुई.”

“चाळीस वर्षं सुईवरच पोट भरलंत ना, शिंपीदादा?”

“तूच गल्लीभर सांगत फिरायचीस, आमच्या ह्यांची शुगर बघा म्हणून. मग कसं सांगणार?”

ती सांगत फिरायची, हे खरं होतं. दर वेळी तिच्याच रक्ताचं कौतुक चाललं होतं आणि तिला पत्ता नव्हता.

तिने सही केली.

ऑपरेशनआधी सिस्टर मशीन घेऊन आल्या. कुमुदने त्याचं मनगट धरलं आणि बोट पुढे केलं.

“ह्यांचंच टोचा. आकडा मला दाखवा.”

“तीनशे बेचाळीस.”

“कुमुद, एका डोळ्यानं सुईत दोरा ओवता येईल का गं मला?”

तिने वही गुडघ्यावर घेतली, बासष्टच्या पुढे आपलं नाव लिहिलं, आणि शेवटच्या पानावर त्याच्या नावाखाली तीनशे बेचाळीस.